गेटजवळचा जुनिपर कोणी कापला?

माई (बी ३०२): सुप्रभात. गेटच्या डावीकडचा जुनिपर सगळ्यांनी खाली जाऊन बघा. पार्किंगकडची अख्खी बाजू कात्रीने उडवलीय, आतल्या नुसत्या काटक्या दिसतायत. यांनी १२ वर्षांपूर्वी गुडघ्याएवढं रोप आणून लावलं होतं हे सगळ्यांना माहितीये. कोणाला विचारून कापलं?

सेक्रेटरी: माई नमस्कार. फांद्या गाडीला घासतात अशी तक्रार होती म्हणून माळीबुवांना थोडं ट्रिम करा म्हणालो, एवढं कापतील असं वाटलं नव्हतं. दिलगीर आहे.

ए १०१: तक्रार माझी होती, त्यात लपवायचं काय. गाडीवर दोन ओरखडे आलेत आणि स्लॉटचे पैसे मी भरतो.

माई (बी ३०२): झाड आधीपासून आहे, गाडी नंतर आली.

काका (सी ५०४): जाऊ द्या हो, पावसाळ्यात फुटेल परत. कडुनिंब नाही का छाटला तरी फुटतो

नाना (ए ४०१): हा नाही फुटत. जुनिपरच्या आतल्या तपकिरी लाकडाला नवी फूट येत नाही, हिरवं असेल तिथूनच पुढे वाढतो. हिरव्याच्या मागे कापलं की ती फांदी गेली. पण गेटकडची बाजू पण पिवळी पडतेय, तिला तर कात्री लागलेली नाही. तिथे पाणी जास्त होतंय. कृपया लॉनचा तो स्प्रिंकलर बंद करा. मार्चपासून सांगतोय.

ताई (बी १०३): नाना एप्रिल चालू आहे, एवढं ऊन, तहानलंय ते. मी रोज सकाळी एक बादली घालते म्हणून तरी टिकलंय

नाना (ए ४०१): अहो बादली तुम्ही घालता होय! बुंध्यापाशी चार बोटं माती उकरून बघा, चिखल लागेल. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरून कुजतात आणि वर मात्र सुकल्यासारखं दिसतं, म्हणून आपण अजून पाणी घालतो. स्प्रिंकलर बंद करा.

दादा (सी ३०१): सी विंगला एक दिवसाआड टँकर आणि झाडाला रोज बादली 😀

ताई (बी १०३): दादा ते भाजी धुतलेलं पाणी असतं. टँकरचं मीटिंगला बोला, तिथे तर येत नाही तुम्ही.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहूया.

काका (सी ५०४): मुळात थंडीतलं झाड पुण्यात लावायचंच कशाला? लडाखला होमस्टेत सकाळी शुक्पा म्हणून झाडाचा पाला जाळायचे, काय वास यायचा. तोच ना हा?

नाना (ए ४०१): कूळ तेच, जात वेगळी. हा चायनीज जुनिपर, दिवसाचं सहा तास ऊन आणि निचरा मिळाला की इथे चांगला होतो.

दादा (सी ३०१): चायनीज माल आहे तर, वॉरंटी संपली असेल

माई (बी ३०२): थट्टा नको दादा. प्लीज.

दादा (सी ३०१): सॉरी माई.

ए १०१: माझं म्हणणं एवढंच की काढून मोगरा लावा. मी खर्च देतो.

नाना (ए ४०१): काढायचं तर महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. आणि झाड मेलेलं नाही. मी आत्ता नखाने साल खरवडली, आत हिरवं आहे. स्प्रिंकलर बंद करा.

वहिनी (ए २०२): नाना, आमची नाशिकला द्राक्षबाग आहे म्हणून सांगते. पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. बारीक ठिपके चालायला लागले तर लाल कोळी ही कीड आहे.

माई (बी ३०२): आत्ता जाऊन केलं. कागदावर तिखटाच्या कणाएवढे ठिपके पडले आणि चालायला लागले. आतल्या बाजूला बारीक जाळी पण आहे.

वहिनी (ए २०२): कोळीच. सकाळी लवकर पाइपने खालून वर जोरात धुवा, चार-पाच दिवसांनी परत, अंडी राहतात. गंधक आत्ता नको, उन्हात पाला भाजतो.

ताई (बी १०३): म्हणजे पाणी घालू नका पण पाण्याने धुवा??

वहिनी (ए २०२): धुवायचं पाल्याला ताई. बुंध्यावर प्लास्टिक अंथरा म्हणजे मुळाशी जाणार नाही.

ए १०१: उद्या सहाला गाडी काढतो, जागा मोकळी मिळेल. पाइप माझ्याकडे आहे, लांब आहे.

माई (बी ३०२): बरं. मी येते खाली.

नाना (ए ४०१): आणि स्प्रिंकलर?

सेक्रेटरी: वॉचमनला सांगून व्हॉल्व्ह बंद केलाय नाना.