घरचा ग्रुप: डिग्रीवर शिक्का कुणाचा?

आप्पाकाका: छोटीचा कर्नाटक सीईटीचा रँक बघितला. झकास! पण एक सांगतो, कॉलेजच्या मागं लागू नका, थेट युनिव्हर्सिटीच बघा. काल एक एजंट घरी आला होता. म्हणाला, युनिव्हर्सिटी म्हणजे मालक, कॉलेज म्हणजे तिच्या हाताखालचं.

दादा: एजंट घरी आला म्हणजे सीट रिकामी आहे, काका.

आप्पाकाका: तू आधीच वाकडं बोलू नकोस की.

दादा: बरं, तुमची बीकॉमची डिग्री काढा कपाटातून. वर नाव कुणाचं?

आप्पाकाका: कर्नाटक युनिव्हर्सिटी, धारवाड. कॉलेज आपल्या बेळगावातलं, टिळकवाडीचं.

दादा: तेच! शिकवलं टिळकवाडीनं, डिग्री दिली धारवाडनं. २०१० ला बेळगावजवळ भुतरामहट्टीला राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी झाली आणि आपल्या कॉलेजांचा शिक्का बदलला. बाकं तीच राहिली.

काकू: इंजिनिअरिंगला पण असंच?

दादा: तिथं व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, १९९८ पासून. बंगळूरचं पोरगं बंगळूरलाच शिकतं आणि डिग्री घेतं बेळगावच्या युनिव्हर्सिटीची. आपण मात्र मच्छ्याला तिच्या गेटावरून जाताना वर बघतही नाही.

छोटी: गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज ऑटोनॉमस आहे ना? म्हणजे डीम्डच?

दादा: इथंच सगळे घसरतात. ऑटोनॉमस म्हणजे घरात राहून चूल वेगळी मांडलेला भाऊ. अभ्यासक्रम स्वतःचा, पेपर स्वतः काढतात, स्वतः तपासतात. पण डिग्रीवर नाव व्हीटीयूचंच. डीम्ड म्हणजे वाटणी झालेला भाऊ. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकार दर्जा देतं, मग डिग्री स्वतःचीच. गावातलंच बघ. जेएनएमसी १९६३ चं मेडिकल कॉलेज, ते आता केएलई संस्थेच्या डीम्डमध्ये, २००६ पासून. बिम्स सरकारी मेडिकल कॉलेज, त्याची डिग्री राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाची, बंगळूरहून. नीट दोन्हींना लागते, पण डीम्डचं एमबीबीएसचं काउन्सेलिंग केंद्राची एमसीसी करते, राज्याची केईए नव्हे. मागच्या वर्षी शेजारच्यांनी केईएच्या यादीत डीम्ड शोधत दोन दिवस घालवले.

दादा: आणि काका, २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर डीम्डवाल्यांना नावातलं ‘युनिव्हर्सिटी’ काढावं लागलं. म्हणून केएलईच्या पाटीवर आता ‘अकॅडमी’ आहे. तुमच्या एजंटच्या हिशेबानं ती लहान झाली म्हणायची!

आप्पाकाका: त्याची प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आहे म्हणत होता.

दादा: मग ती राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्यानं झालेली असते. कायदा कुठल्या सालचा ते विचारा. माझ्या एका मित्राला ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ सांगून घेतलं होतं. तिसरं सेमिस्टर आलं तरी प्रक्रिया चालूच. पोराची दोन वर्षं गेली.

आत्या (खानापूर): तुमचं मोठ्यांचं चालू दे. आमच्या बारक्याची दहावी झाली. आयटीआय म्हणतोय, हे पॉलिटेक्निक म्हणतायत. काय करायचं?

मामा: आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत चांगला टर्नर मिळत नाही वहिनी, आयटीआयला नावं ठेवू नका.

दादा: नावं कोण ठेवतंय? आयटीआयला ट्रेडचं सर्टिफिकेट, हात लवकर कामाला लागतात. पॉलिटेक्निक तीन वर्षं, डिप्लोमा. नंतर डिप्लोमावाल्यांची सीईटी, म्हणजे डीसीईटी दिली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. त्याला अजून शिकायचं असेल तर पॉलिटेक्निक, पण त्याला विचारा, भावजींना नव्हे.

आत्या (खानापूर): 🙊

आत्या (खानापूर): आणि महाराष्ट्रात घालायचं म्हटलं तर?

दादा: आपलं गाव महाराष्ट्र मागतोय त्या ८६५ गावांच्या यादीत आहे. सीमाभागातल्या मराठी मुलांना तिकडं इंजिनिअरिंगला ‘टाइप ई’ या गटातून अर्ज करता येतो. मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको.

आजी: धारवाडला ती आयआयटी झाली म्हणे. तिथं घाला की छोटीला.

छोटी: आजीऽऽ, त्याला जेईई लागते 😭

दादा: ती संसदेच्या कायद्यातली, आजी. डिग्री स्वतःची, परीक्षाही वेगळी.

आजी: मग आधीच द्यायची होती की.

(रात्री पावणेदहा)

आप्पाकाका: एजंटला फोन केला. विचारलं, डिग्रीवर नाव कुणाचं येणार? म्हणाला, सर, उद्या ऑफिसला या, सविस्तर बोलू. मी म्हटलं, एवढं एक नाव व्हॉट्सॲपवर लिहून पाठव.

काकू: मग?

आप्पाकाका: दोन तास झाले. निळ्या टिका दिसालेत.