मदत हवी आहे: आठवीतल्या मुलाला वारलीपण नकोसं झालंय

नमस्कार मंडळी. आम्ही डहाणू तालुक्यातले वारली, नोकरीमुळे ठाण्यात. वर्गात कुणीतरी ‘जंगलातून आलायस का’ म्हणून चिडवलं, तेव्हापासून मुलगा घरीही वारली बोलत नाही. आजीचा फोन आला की बाथरूममध्ये जातो. संताप याचा येतो की त्याच शाळेच्या भिंतीवर वारली चित्रं रंगवलीत!

गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये आपल्या चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, सगळं सांगून झालं. ‘हो, माहितीये,’ म्हणतो आणि उठतो. भाषणाने काही होणार नाही. पण पोराला हाताचं काम आवडतं, सायकल अख्खी खोलून परत जोडतो. म्हणून तारपा, आपलं फुंकून वाजवायचं वाद्य, बनवायला शिकवावं असं डोक्यात आहे. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान, मेण. यात तो रमेल.

डहाणू, जव्हार, विक्रमगड, तलासरीकडे दिवाळीच्या सुट्टीत मुलांना शिकवेल असा तारपा करणारा कुणी जाणता आहे का? वाजवायला नंतर शिकला तरी चालेल. ठाण्यात त्याच्या वयाची वारली मुलं असतील तर तेही कळवा, एकटेपणाच जास्त असावा.

आणि शिक्षकांनो, चिडवण्याबद्दल शाळेशी कसं बोलू? ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, त्याला सजवून स्टेजवर उभं करतील, तेवढं मात्र नको.

‘अभिमान बाळग’ सांगा, असा सल्ला कृपया नको. तो देऊन झालाय.