डाळिंबाचे क्रेट बागेबाहेर काढायला घरची दोनचाकी गाडी: चाकं कोणती, अक्सल कुठे?

काळं_रान_मंगळवेढा

दोन एकर भगवा (डाळिंबाचा वाण) आहे, 15 बाय 10 फुटांवर, सहाशेच्या आसपास झाडं. आंबे बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या फुलांचा) माल जुलै-ऑगस्टात निघतो आणि नेमकं तेव्हाच रान ओलं असतं. फांद्या मालानं वाकलेल्या, बांबू-तारेचा आधार दिलेला, त्यामुळं ट्रॅक्टर ओळीत घालता येत नाही. क्रेट डोक्यावर घेऊन बांधापर्यंत शंभर मीटर.

अमेरिकेत शिकारी लोक मारलेलं हरीण जंगलातून बाहेर आणायला दोन चाकांची अरुंद गाडी घरी बनवतात, तिचे व्हिडिओ पाहिले. (आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे, प्रश्न फक्त गाडीचा.) तसाच सांगाडा करून 20 किलोचे सहा क्रेट एका खेपेला न्यायचे आहेत. सायकलची 26 इंची चाकं घरात पडून आहेत, चालतील का? अक्सल मधोमध ठेवू की मागे?

वेल्डिंगवाला_सोलापूर

दादा, ती गाडी जशीच्या तशी उतरवू नका. हरीण आडवं पडतं, ओझं खाली बसतं, म्हणून तिथं अरुंद गाडी चालते. क्रेटचे दोन थर लावले की ओझ्याचा मध्य जमिनीपासून 60 सेंमीच्या वर जातो. दोन चाकांत 50 सेंमी अंतर असेल तर एक चाक 18 सेंमी उंचवट्यावर चढलं की गाडी आडवी, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. अंतर 76 सेंमी केलं तर कागदावर 38 सेंमीपर्यंत तग धरते. चालत्या गाडीला धक्के बसतात, म्हणून त्याच्या निम्मंच धरा. गादीवाफ्यावर (झाडांच्या ओळीतल्या उंच वाफ्यावर) चाक चढवायचं नाही, हे तोडणीवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

सायकलचं चाक वजनाला कमी पडत नाही, आडव्या रेट्याला पडतं. सायकल वळताना स्वतः कलते, ही गाडी कलत नाही. वळणावर सगळा जोर बाजूनं बसतो आणि रिंग आऊट होते. शिवाय दीड इंची टायर ओल्या काळ्या मातीत सुरीसारखा उतरतो.

भंगारातून मोटरसायकलची पुढची दोन चाकं घ्या, दोन्ही एकाच मॉडेलची. टायर 2.75-18, बाहेरचा व्यास साधारण 60 सेंमी. बेअरिंग हातानं फिरवून बघा, खरखर असेल तर तिथंच बदलून घ्या. अक्सल बहुतेक 12 मिमीचा असतो आणि लोक इथंच फसतात: तो एका बाजूनं वेल्ड करून चाक बाहेर लटकवतात. मग पहिल्या मोठ्या खड्ड्यात रॉड वाकतो आणि चाकं वरच्या बाजूनं आत झुकतात. चाक दोन्ही बाजूंनी धरलंच पाहिजे.

क्रेट 54 बाय 36 सेंमीचा धरतो, तुमचा मोजून घ्या. आडवे तीन बसायला आतलं माप 56 बाय 110. चौकोनी पाइप 25 बाय 25 मिमी, जाडी 2 मिमी, 20 फुटी दोन नग पुरतात. लांबीच्या प्रत्येक पाइपपासून 15 सेंमी बाहेर 75 सेंमीचा दुसरा पाइप आडव्या तुकड्यांनी जोडा, चाक त्या दोहोंच्या मधे. अक्सलसाठी 40 बाय 6 मिमी पट्टीचे चार तुकडे पाइपांच्या खाली सोडा, भोक साडेबारा मिमी.

आता अक्सलची जागा. मधोमध नको, ओझ्याच्या मध्यापासून 5 सेंमी मागे, म्हणजे हँडलच्या उलट बाजूला. क्रेटसकट ओझं 130 किलो आणि हँडल सव्वा मीटरभर पुढं धरलं, तर हँडलचं स्वतःचं वजन मिळून हातावर सात-आठ किलो येतात. 15 सेंमी मागे घेतला तर हेच वजन दुपटीहून जास्त होतं आणि चार खेपांत खांदे भरून येतात. अगदी मध्यावर ठेवला तर चढावर ओझं मागे कलतं आणि हँडल वर उसळतं.

आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा, दोन्ही कर्ण मोजा, चाकं लावून त्यांच्यातलं अंतर पुढून आणि मागून मोजा. फरक 3 मिमीच्या आत आला तरच पक्कं वेल्डिंग. ते करताना चाकं काढून ठेवा, करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर डाग पडतात.

भगवा_सांगोला

सांगाडा बरोबर. राहिला चिखल. मडगार्ड अजिबात लावू नका, चाक आणि पाइप यांत सगळीकडं 4-5 सेंमी फट राहू द्या. चिकण माती तिथंच साठते आणि चाक फिरायचं थांबून घसटायला लागतं. खरं तर वाफसा आल्याशिवाय (माती चालण्याइतकी सुकल्याशिवाय) गाडी घालूच नये, चाकोरी पडली की पुढच्या पावसात तिथंच पाणी थांबतं.

काट्यांचा बंदोबस्त हवा. छाटणीच्या फांद्या आणि बांधावरची वेडी बाभूळ, दोन्ही टायर भेदतात. जुन्या टायरच्या कडा कापून उरलेला पट्टा नव्या टायरच्या आत अस्तरासारखा बसवा, कापलेली कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर तीच ट्यूब खाते. हवा 15 ते 20 पीएसआय. त्याहून कमी केली तर ट्यूब आत सरकते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. भरीव रबराचं चाक पंक्चर होत नाही, पण सगळा हादरा फळाला बसतो. साल वरून शाबूत दिसते, दाणे आतून तपकिरी पडतात. क्रेटच्या तळाला कागदाच्या दोन घड्या घाला आणि देठ फळालगत कापा, नाहीतर शेजारच्या फळाला टोचतो.

तेल्या (पाना-फळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) असलेला प्लॉट शेवटी घ्या. त्यातून निघालेली गाडी धुतल्याशिवाय चांगल्या प्लॉटमध्ये नेऊ नका.

काळं_रान_मंगळवेढा

चाकं मोटरसायकलचीच घेतो. मग हँडल काढून गाडी मोटरसायकलला मागून जोडली तर?

वेल्डिंगवाला_सोलापूर

नको. 130 किलोला ब्रेक नाही, उतारावर तीच तुम्हाला ढकलेल. वळताना मोटरसायकल कलते, गाडी कलत नाही, जोड पिळवटून तुटतो. माणसानंच ओढायची. हँडल जमिनीपासून 95 सेंमीवर, माणूस दोन दांड्यांच्या मधे उभा राहील असं करा आणि जुन्या सीटबेल्टचा पट्टा खांद्याला द्या. मुरमाड उतार असेल तर दोन्ही चाकांचे ड्रम ब्रेक ठेवून एकाच लिव्हरला जोडा. ब्रेक प्लेटला सांगाड्यावर अडकण द्या, नाहीतर चाकाबरोबर प्लेटच फिरते. एकाच चाकाला ब्रेक दिला तर गाडी त्या बाजूला गर्रकन वळते.