मदत हवी आहे: २०१६ची मारुती सियाझ, १.४ पेट्रोल घेऊ की १.३ डिझेल?

लिंबूटिंबू
दोन सियाझ पाहिल्यात, दोन्ही २०१६च्या, एमएच १२ पासिंग. एक के१४ इंजिनाची १.४ पेट्रोल मॅन्युअल, ५८ हजार किमी. दुसरी १.३ डिझेल एसएचव्हीएस (मारुतीची माइल्ड हायब्रिड, थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी), १ लाख १२ हजार. किंमत जवळपास सारखी. रोजचं ऑफिस सहा किमी, महिन्याचे सगळे मिळून ५०० होतात. दोन महिन्यांतून एकदा कुंभार्ली घाटातून चिपळूण, चार माणसं आणि डिकी भरून सामान. डिझेल ओढते छान. काय करू?

१२-१३चा पाना
रोज सहा किमी असेल तर डिझेल नको. तेवढ्यात ते इंजिन धड तापतही नाही. काजळी ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेकमध्ये साचत जाते, मग पिकअप मरतो आणि काळा धूर येतो. हमरस्त्यावर रोज ५० किमी पळणाऱ्याला हेच इंजिन सोनं आहे.

हिशोब करून बघा. वर्षाला ६,००० किमी. शहरात पेट्रोल १३चं अ‍ॅव्हरेज धरलं तर ४६१ लिटर, डिझेल १७ धरलं तर ३५३. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये लावा, फरक सुमारे १६ हजार. इंजेक्टर नाहीतर टर्बोचं एक काम निघालं की दोन-तीन वर्षांची बचत त्यात गेली.

घाटवाट
घाटाबद्दल थोडं. के१४ १३७३ सीसी, ९२ पीएस ताकद, १३० एनएम टॉर्क म्हणजे ओढ. डिझेल १२४८ सीसी, ९० पीएस, पण टॉर्क २००. भरल्या गाडीत एसी लावून चढताना पेट्रोलला दुसऱ्या-तिसऱ्यात ३,५०० आरपीएमच्या वर फिरवावं लागतं. आवाज होतो, इंजिनाचं काही बिघडत नाही. उलट डिझेल २,०००च्या खाली झोपलेली असते. वळणावर गिअर चुकला की लोक हाफ क्लचवर ओढतात आणि प्लेट जाळतात.

लिंबूटिंबू
पण डिझेलवाला दहा हजार कमी करतोय. एकदा तपासून तरी बघू का? काय काय बघायचं?

१२-१३चा पाना
बघा, पण इंजिन थंड असताना. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणा. थंड स्टार्टला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड आली तर टायमिंग चेन ढिली समजा. या मल्टिजेटचा (हे १.३ डिझेल इंजिन मुळात फियाटचं) चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी किंवा जुनं राहिलं की चेन सैल पडते, दात सोडते, रॉकर तुटतात, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. म्हणून ५डब्ल्यू-३० ऑइल दर १० हजार किमी किंवा वर्षाने बदलल्याची बिलं मागा. बिलं नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. हलकी वाफ चालेल. धूर भकाभका येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा) पाइपात तेलाचा ओलावा असतोच, पण पाइप काढल्यावर तेल सांडलं तर टर्बो संपत आलाय. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये ४०ला अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतोय आणि वेग तिथेच, म्हणजे क्लच घसरतोय.

घाटवाट
एसएचव्हीएस विसरू नका. पंधरा मिनिटं फिरवून एसी बंद करा, न्यूट्रलला आणून क्लच सोडा, गाडी आपोआप बंद व्हायला हवी. एकदाही झाली नाही तर बहुतेक बॅटरी थकलीय. ती साधी नसते, त्याच प्रकारची टाकावी लागते. दहा हजारांची सूट तिथेच जिरते.

१२-१३चा पाना
पेट्रोलमध्ये एसी लावून आयडलला थरथर बघा. असेल तर थ्रॉटल बॉडीची सफाई आणि प्लग, मोठं काही नाही. २०१६चं इंजिन ई२०साठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बनवलेलं नाही, अ‍ॅव्हरेज थोडं पडतंच. फ्युएल लाइनचे रबरी पाइप वाकवून बघा. चिरा दिसल्या किंवा पेट्रोलचा वास आला तर पाइप बदलून द्या म्हणा, मगच टोकन.

लिंबूटिंबू
पेट्रोलवाल्याला रविवारी सकाळी सातची वेळ दिलीय. चावी फिरवू नका, मी आल्यावर फिरवू, असंही सांगितलंय.