मदत हवी आहे : पत्रादेवीच्या हुतात्म्यांविषयी

नमस्कार. गोव्यातील पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून मुख्य रस्त्यालगत पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक आहे, जिथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला होता. गोवा त्यानंतर सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्या दिवशी धारातीर्थी पडलेल्यांपैकी पंजाबातील ईसडू गावच्या कर्नैलसिंग यांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. मात्र इतरांची नावे फारशी कुणाच्या ओठांवर नसतात, आणि मीही कित्येक वर्षे तिथून नुसता गाडीतून जात आलो, हे कबूल करतो.

आमच्या वाड्यावरील मुलांसाठी या सर्व हुतात्म्यांची गावांसह यादी करण्याचा माझा विचार आहे. पेडणे, बांदा किंवा सावंतवाडी परिसरात कुणाच्या घरी त्या सत्याग्रहाची जुनी छायाचित्रे, पत्रे वा वृत्तपत्रांची कात्रणे असल्यास, अथवा जखमींना पाणी देणाऱ्या, उचलून नेणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी घरात सांगितल्या जात असल्यास, कृपया कळवावे. ऐकीव माहितीही चालेल. फक्त ती कुणाकडून ऐकली, एवढे अवश्य लिहावे.