शीर, नस, धमनी, नीला: नेमकं कशाला काय म्हणायचं?

काल नौपाड्यात लॅबमध्ये आईला रक्त तपासायला घेऊन गेलेलो, बरोबर सातवीतली लेक. तिथल्या ताईंनी दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळा म्हणाल्या, दोनतीनदा बोटाने चाचपलं, "आजींची शीर सापडतच नाहीये". शेवटी सापडली. नळीत रक्त आलं काळपट लाल, तर लेक लगेच, पुस्तकात नीला निळी दाखवलीय मग रक्त निळं का नाही आलं? त्यात आई म्हणते पायाची शीर दबली की मुंग्या येतात. ही शीर आणि ती शीर एकच का? आणि धमनी न् रोहिणी वेगळ्या का? प्लीज सांगा.

ऐरोलीहून:
आईंची दबणारी शीर म्हणजे मज्जातंतू, त्यात रक्त नसतं. बोलताना आपण दोन्हीला शीर, नस काहीही म्हणतो, पण डॉक्टरांना "मुंग्या येतात, बधिर होतं" असंच सांगा.

रक्त काढतात ती शिरा, तिलाच नीला म्हणतात. रक्त निळं कधीच नसतं, ऑक्सिजन कमी झाला की गडद होतं, कातडीखालून शीर निळसर दिसते एवढंच.

धमनी आणि रोहिणी एकच. पण रोहिणी म्हणजे लाल, नीला म्हणजे निळी, ही रंगाची नावं आणि खरी व्याख्या आहे दिशेची, हृदयाकडून निघते ती धमनी, हृदयाकडे परतते ती शिरा. आता हृदयातून फुप्फुसाकडे जाते ती धमनीच, पण तिच्यात काळपट रक्त, आणि फुप्फुसातून परत येणाऱ्या चार शिरांमध्ये लालभडक! मी ट्युशन घेते, फुप्फुस-रोहिणी म्हटलं की मुलं हमखास इथेच चुकतात, म्हणून मी धमनी-शिराच शिकवते. धमनी शब्द धम् म्हणजे फुंकणे यावरून, लोहाराचा भाता आठवा. हृदय दर ठोक्याला साधारण 70 मिलि रक्त ढकलतं, धमनीची जाड लवचीक भिंत फुगते आणि तेच बोटाला लागतं. शिरेत असा ठोका लागत नाही, तिथे रक्त मागे फिरू नये म्हणून झडपा असतात.

कोपरखैरण्याहून:
भर घालतो. सुश्रुतसंहितेत अरुणा, नीला, गौरी, रोहिणी या चारही शिराच आहेत, धमन्या वेगळ्या सांगितल्यात. म्हणजे रोहिणी = धमनी हे नंतर बसवलेलं.

खूप आभार दोघांचे. आत्ता लेकीला अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटं ठेवायला लावली, अर्ध्या मिनिटात 44 ठोके मोजले तिने. वहीत "नाडी 88" लिहिलंय. ठोक्यांच्या आकड्याला नाडी चालेल ना, की स्पंदन लिहायला सांगू?