मनगटावरची गाठ (गँगलियन) : तुमचे अनुभव लिहा

डाव्या मनगटाच्या वरच्या बाजूला गाठ दिसली तेव्हा दोन आठवडे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. गाठ म्हटलं की मन थेट कर्करोगावर जातं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिवा मालवला, गाठीच्या कडेला छोटा टॉर्च टेकवला आणि अख्खी गाठ आतून लालसर उजळली. आत द्रव आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सांध्याच्या किंवा कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणातून एक देठ निघतो आणि त्याच्या टोकाला ही पिशवी फुगते. हा कर्करोग नाही आणि पुढे त्याचा कर्करोग होतही नाही. हे कुणी आधी सांगितलं असतं तर ते दोन आठवडे मी नीट झोपले असते, म्हणून हा धागा. काय केलं, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, सगळं लिहा.

*

माझी तीन वर्षं होती. टायपिंग जास्त झालं की आवळ्याएवढी व्हायची, हाताला आराम मिळाला की वाटाण्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून डॉक्टर म्हणाले, थांबू या. एक दिवस घड्याळ बांधताना लक्षात आलं, गाठ नाहीच.

*

मी सुईने पाणी काढून घेतलं. पाणी कसलं, पातळ डिंकच तो, पारदर्शक आणि चिकट; त्यासाठी सुईही जाड लागते. पाच मिनिटांत मनगट सपाट. चार महिन्यांनी गाठ त्याच जागी परत! पिशवी रिकामी झाली तरी देठ आत राहतो, त्यामुळे निम्म्या जणांना तरी असंच होतं, हे नंतर कळलं. तरीही ते चार महिने दुखलं नाही, हे खरं.

*

वरच्या ताईंची गाठ मनगटाच्या वर होती. माझी आतल्या बाजूला, अंगठ्याच्या खाली, नाडी बघतात तिथेच. अशा गाठीत अंदाजाने सुई घालू देऊ नका. रोहिणी अगदी चिकटून असते. माझी आधी सोनोग्राफी केली.

*

कुणी जाड पुस्तकाने ठोकायला सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. माझ्यावर लहानपणी तो प्रयोग झालाय. मनगट आठवडाभर सुजलं, गाठ महिन्यात परत आली.

*

माझी शस्त्रक्रिया झाली. फक्त हात बधिर केला होता, त्याच दिवशी घरी. गाठीबरोबर देठ आणि त्याच्या मुळाशी असलेला सांध्याच्या आवरणाचा छोटा तुकडाही काढतात, म्हणून परत येण्याची शक्यता सुईपेक्षा कमी. पण शून्य नाही, आणि हे मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. टाके बाराव्या दिवशी काढले. आम्ही सगळे गाठीबद्दल बोलतो, नंतरच्या ताठरपणाबद्दल कुणी बोलत नाही. जमिनीवर तळवा टेकून उठता येत नव्हतं. बाटलीचं झाकण उघडताना डावा हात पुढे करायचे. रोज सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून, टेबलावर तळवा ठेवून हळूहळू पुढे झुकायचे. नुसती दिसायला वाईट म्हणून काढत असाल तर व्रणाचाही विचार करा. माझी दुखत होती, मला पश्चात्ताप नाही.

*

आईच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर, नखाच्या मागे फोड आला होता आणि नखावर लांब खाच पडली होती. तो याच प्रकारातला, झिजलेल्या सांध्यामुळे होणारा. तिने घरी सुईने फोडला. बोट लाल झालं, ठणकू लागलं. तिथून सांधा अगदी जवळ असतो, जंतुसंसर्ग आत जाऊ शकतो. प्रतिजैविकांवर निभावलं, पण घाबरलो.

*

बोटं बधिर होत असतील, पकड सैल पडत असेल, किंवा गाठ टणक आणि झपाट्याने वाढणारी असेल, तर मात्र वाट पाहू नका. माझी करंगळी सुन्न व्हायची. तळव्याच्या मुळाशी गाठ नसेवर दाबत होती आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं. एमआरआयमध्ये सापडली.

*

माझे टाके काढून सहा आठवडे झाले. हात मागे वाकतच नाही. कुणाला असं झालंय का?

*

हो, मलाच. वर लिहिलंय ती मी. सहाव्या आठवड्यात माझाही अर्धाच वाकायचा. चौथ्या महिन्यात जमिनीवर तळवा टेकून उठले. दुखणं वाढत नाहीये ना? फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा, आणि कोमट पाणी सोडू नका.